झटका मशीनच्या लोह-फॉस्फेट बॅटरीचे चार्जिंग सर्किट: फक्त बीएमएसच्या भरवशावर राहता येईल का?

दारव्ह्याचा वाइंडर (प्रश्न)

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात माझे मोटार वाइंडिंगचे आणि किरकोळ इलेक्ट्रॉनिक दुरुस्तीचे दुकान आहे. रोही आणि रानडुकरांपासून पऱ्हाटी, तूर राखण्यासाठी आमच्या भागात आता पुष्कळ वावरांच्या धुऱ्यावर, कुंपणाच्या तारेत झटका सोडणारे सौर झटका मशीन दिसते, आणि त्यातील लेड-ॲसिड बॅटरी बसली की शेतकरी ती घेऊन माझ्याकडे येतात. गेल्या वर्षापासून मी त्या जागी लोह-फॉस्फेट सेलचे पॅक बांधून देत आहे. ३२७०० आकाराचे, ६ अँपिअर-अवरचे आठ सेल घेतो. दोन-दोन समांतर जोडून अशा चार जोड्या मालिकेत लावतो, म्हणजे पॅक १२.८ व्होल्ट, १२ अँपिअर-अवरचा होतो. त्यावर २० अँपिअरचा, चार्जिंग आणि लोड एकाच टोकावर असलेला बीएमएस, म्हणजे सेल मर्यादेबाहेर गेला की जोडणी तोडणारे संरक्षण सर्किट, लावतो. पॅनेल आणि चार्ज कंट्रोलर मात्र शेतकऱ्याकडे आधीपासून असलेलेच ठेवतो, आणि तो कंट्रोलर लेड-ॲसिडसाठी बनवलेला पीडब्ल्यूएम प्रकारचा असतो.

एकूण नऊ पॅक दिले. त्यांपैकी आठ व्यवस्थित चालू आहेत. नववा एप्रिलच्या शेवटी परत आला, तेव्हा दोन सेलच्या टोपीतून द्रव गळलेला होता, आवरणाचा प्लॅस्टिक पत्रा वितळून आकसलेला होता आणि टिनाच्या पेटीत रसायनाचा तीव्र वास होता. आग लागली नाही, हे नशीब, कारण पेटी तुरीच्या वाळलेल्या कुटाराच्या ढिगाजवळ होती. बीएमएस तपासला तेव्हा चार्जिंगकडच्या मॉस्फेटचे (इलेक्ट्रॉनिक स्विचचे) तिन्ही पाय एकमेकांशी शॉर्ट निघाले. झटका मशीनही बंद पडले होते. त्याच्या इनपुटचा २५ व्होल्टचा कपॅसिटर वरून फुगलेला होता.

खरीप तोंडावर आहे आणि आणखी पंधरा पॅकची मागणी आहे. सुटे भाग विकणाऱ्या एका अनुभवी दुकानदाराने असे सुचवले की जुना कंट्रोलरच सगळ्या बिघाडाचे मूळ असल्याने तो काढून टाकावा आणि पॅनेल सरळ बीएमएसला जोडावे, कारण सेल भरला की बीएमएस चार्जिंग तोडतोच. खर्चही वाचतो. मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते नीट मांडताही येत नाही. या पॅकसाठी सुरक्षित चार्जिंग सर्किट कसे असावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

नागपूरचा सर्किटवाला

भाऊ, उत्तर देण्याआधी एक प्रश्न. तुमच्या वर्णनातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही ओझरती सांगून पुढे गेलात, ती म्हणजे फुगलेला २५ व्होल्टचा कपॅसिटर. झटका मशीनसोबत येणारे पॅनेल बहुधा ३६ सेलचे असते आणि ते उघडे ठेवले, म्हणजे त्यावर काहीही भार नसला, तरी २२ व्होल्टच्या आसपासच थांबते. बावीस व्होल्टने २५ व्होल्टचा कपॅसिटर असा फुगायला नको. नवव्या शेतकऱ्याने पॅनेल बदलले होते का, हे कृपया विचारून सांगा. तसेच कंट्रोलरवर १२/२४ असे दोन्ही आकडे छापलेले आहेत का, तेही पाहा.

दारव्ह्याचा वाइंडर

सर, आज प्रत्यक्ष वावरात जाऊन आलो. आपला अंदाज खरा निघाला. मूळचे ४० वॅटचे पॅनेल माकडांनी फोडले होते, म्हणून त्यांनी सौर पंपाच्या संचातील एक जास्तीचे ३३५ वॅटचे, ७२ सेलचे पॅनेल जोडले होते. "मोठे पॅनेल, जास्त चार्जिंग" असा त्यांचा साधा हिशेब होता. पाठीवरच्या पट्टीवर उघडा व्होल्टेज ४६ च्या जवळ आणि शॉर्ट करंट ९ अँपिअरच्या वर लिहिला आहे. कंट्रोलरवर १२/२४ ऑटो असे छापलेले आहे.

नागपूरचा सर्किटवाला

मग घटनाक्रम बराचसा उलगडतो. एकेक पायरी लिहितो, कारण तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे.

लेड-ॲसिडचा कंट्रोलर पॅकला १४.४ ते १४.८ व्होल्टपर्यंत नेतो. लोह-फॉस्फेट सेलची वरची मर्यादा ३.६५ व्होल्ट, म्हणजे चार सेलची १४.६. चारही जोड्या अगदी समान भरलेल्या असतील तर हे जेमतेम चालून जाते. पण या रसायनात ३.४ व्होल्टच्या पुढे अगदी थोडी क्षमता शिल्लक असते आणि तिथून व्होल्टेज भराभर चढतो, त्यामुळे एखादी जोडी किंचित पुढे असली की ती इतरांच्या आधी ३.७ ओलांडते आणि बीएमएस चार्जिंग तोडतो. तुमच्या आठ पॅकमध्येही हे रोज दुपारी घडत असणार, फक्त तिथे ते निभावून जात आहे.

बीएमएसने तोडले की कंट्रोलरच्या टोकावर व्होल्टेज धरून ठेवणारी बॅटरी उरत नाही, आणि पीडब्ल्यूएम कंट्रोलर म्हणजे पॅनेल आणि बॅटरी यांच्यामधले केवळ उघडझाप करणारे स्विच असल्याने पॅनेलचा उघडा व्होल्टेज पलीकडे पोहोचतो. बीएमएसच्या बंद मॉस्फेटवर येणारा ताण म्हणजे पॅनेल आणि पॅक यांच्या व्होल्टेजमधला फरक. ३६ सेलच्या पॅनेलला तो २२ वजा १३.६, म्हणजे आठ-साडेआठ व्होल्ट होतो. ७२ सेलच्या पॅनेलला तोच ४६ वजा १३.६, म्हणजे ३२ व्होल्टच्या वर जातो. चार सेलच्या स्वस्त बीएमएसवर ३० व्होल्टचे मॉस्फेट सर्रास असतात. तो फुटला, आणि मॉस्फेट फुटतो तेव्हा बहुतेक वेळा तो शॉर्टच होतो. लोड आणि चार्जिंग एकाच टोकावर असल्याने तेच ४६ व्होल्ट झटका मशीनलाही मिळाले. कपॅसिटर फुगला तो तिथे.

त्यानंतरचा भाग मी खात्रीने सांगत नाही, पण १२/२४ ऑटो प्रकारातले काही कंट्रोलर बॅटरीच्या टोकावर एकदम मोठा व्होल्टेज दिसला की ही २४ व्होल्टची बॅटरी आहे असे धरून चालतात. तसे झाले असेल, तर त्याला २८ व्होल्टच्या पुढे पोहोचेपर्यंत थांबायचे कारणच नव्हते. वर कंट्रोलर चुकीच्या समजुतीत, खाली बीएमएस शॉर्ट, आणि मध्ये १२ अँपिअर-अवरच्या पॅकमध्ये ९ अँपिअर शिरत आहेत. सेल गळले यात नवल नाही. लोह-फॉस्फेटची जाळी तापल्यावर सहजी ऑक्सिजन सोडत नाही, म्हणून ते इतर लिथियम रसायनांसारखे भडकले नाही. पण त्यातील द्रव ज्वलनशीलच असतो आणि बाहेर पडणाऱ्या वायूत हायड्रोजनही असतो. कुटाराजवळची ती पेटी थोडक्यात वाचली.

आता दुकानदाराच्या सल्ल्याकडे येतो. तुमचा धंदा वाइंडिंगचा आहे, म्हणून त्याच भाषेत विचारतो: विहिरीवरची मोटार रोज संध्याकाळी स्टार्टरचे बटन न दाबता ओव्हरलोड रिले ट्रिप करून बंद करणारा शेतकरी आला, तर त्याला तुम्ही काय सांगाल? रिले मोटार बंद करतो हे खरेच आहे, परंतु ज्या दिवशी तो चिकटेल त्या दिवशी मोटारीमागे दुसरे कोणी उभे नसेल. पॅनेल सरळ बीएमएसला जोडले की तेच होते. रोज सर्वांत पुढची जोडी मर्यादेच्या वर नेली जाते, तोडले जाते, व्होल्टेज उतरला की पुन्हा जोडले जाते, आणि ही उघडझाप दुपारभर एकाच मॉस्फेटवर चालू राहते. रोजची मर्यादा चार्जरनेच पाळली पाहिजे. बीएमएसला ते काम वर्षातून एकदाही करावे लागू नये, आणि करावे लागले तर ते आपल्याला कळले पाहिजे.

सर्किटचा विचार करताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: यातील कोणताही एक भाग शॉर्ट झाला किंवा तुटला, तर सेल ३.६५ च्या पुढे जाईल का? प्रत्येक भागाला हा प्रश्न विचारून झाल्याशिवाय सर्किट पूर्ण झाले असे मी मानत नाही.

वरुडचा संत्रेवाला

मी शेतकरी आहे, जाणकार नाही. इथे भंगारात ई-स्कूटरच्या बॅटऱ्या स्वस्त मिळतात. त्यातले सेल काढून असाच पॅक बांधला तर चालेल का? आमच्या बागेतल्या मशीनची बॅटरीही बसली आहे.

नागपूरचा सर्किटवाला

दादा, कृपया तो मार्ग धरू नका. स्कूटरच्या जुन्या पॅकमधले बरेच सेल निकेल-मँगनीज-कोबाल्ट रसायनाचे असतात. त्यांची मर्यादा ४.२ व्होल्ट, म्हणजे तीन सेलचे १२.६ आणि चारचे १६.८ व्होल्ट होतात. बारा व्होल्टच्या मशीनशी यांपैकी काहीच नीट जुळत नाही, आणि बिघडले तर हे सेल लोह-फॉस्फेटपेक्षा कितीतरी जोरात पेटतात. २०२२ च्या उन्हाळ्यात स्कूटरना आगी लागल्या, त्यानंतर एआयएस-१५६ या मानकातील बॅटरी सुरक्षेच्या अटी कडक करून १ डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू करण्यात आल्या. भंगारातला पॅक त्याआधीचा की नंतरचा, किती तापलेला, किती आपटलेला, हे बाहेरून कोणालाही सांगता येत नाही.

अमरावतीचे निवृत्त तंत्रनिकेतन शिक्षक

वरील विश्लेषणाशी मी सहमत आहे. प्रश्नकर्त्यांना नव्या पंधरा पॅकसाठी प्रत्यक्ष रचना हवी आहे, म्हणून ४० वॅटच्या पॅनेलपुरती एक जुनी पण माझ्या मते आजही उत्तम असलेली पद्धत सुचवतो. तिला शंट नियंत्रण म्हणतात.

सौर पॅनेलचा एक गुण असा की ते शॉर्ट केले तरी बिघडत नाही. त्याचा शॉर्ट करंट नेहमीच्या कामाच्या करंटपेक्षा थोडासाच जास्त असतो. ४० वॅटच्या पॅनेलला तो अडीच अँपिअरच्या आत राहतो. तेव्हा मॉस्फेट पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये न ठेवता पॅनेलच्या दोन टोकांवर आडवा ठेवावा, आणि त्याच्यापुढे बॅटरीच्या बाजूला एक शॉटकी डायोड द्यावा, म्हणजे बॅटरीतील करंट उलटा येऊन मॉस्फेटमधून वाहणार नाही. पॅक भरला की मॉस्फेट चालू करायचा. पॅनेल शॉर्ट होते आणि चार्जिंग थांबते. या रचनेतील मर्म असे की मॉस्फेट फुटून शॉर्ट झाला, तर चार्जिंग कायमचे बंद पडते. शेतकरी तक्रार घेऊन येईल, पण सेल सुरक्षित राहतील. मालिकेत ठेवलेला मॉस्फेट शॉर्ट झाला की उलट चार्जिंग कायमचे चालू राहते आणि कोणाचीही तक्रार येत नाही.

मॉस्फेटच्या गेटची, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या पायाची जोडणीही याच विचाराने करावी. गेटला पॅकच्या बाजूने एका रेझिस्टरने कायम चालू राहील असे ठेवावे, आणि नियंत्रण सर्किटने "व्होल्टेज ठीक, तापमान ठीक" असे दोन्ही दाखले मिळाल्यावरच गेट खाली ओढून चार्जिंगला परवानगी द्यावी. नियंत्रण सर्किट मेले तर परवानगी आपोआप जाते. डायोडमध्ये अडीच अँपिअरला साधारण एक वॅटची उष्णता होईल, तेव्हा त्याला तांब्याचा पुरेसा पृष्ठभाग द्यावा. आणि डायोड व मॉस्फेट दोन्ही एकाच वेळी शॉर्ट झाले तर बॅटरीच शॉर्ट होईल, म्हणून पॅकच्या धन टोकाजवळच, वीतभर अंतरात, ४ अँपिअरचा फ्यूज हवा. पॅनेलकडच्या दोषात पॅनेल स्वतः फ्यूज उडवण्याइतका करंट देत नाही. फ्यूज बॅटरीसाठी असतो हे लक्षात असू द्यावे. तेथे ७२ सेलचे पॅनेल कोणी पुन्हा जोडले, तर ९ अँपिअरने तो फ्यूज काही सेकंदांत वितळेल हा वरचा फायदा. मात्र गाड्यांचे साधे पात्याचे फ्यूज ३२ व्होल्टचे असतात आणि ४६ व्होल्टचा आर्क त्यांच्यात विझेलच असे नाही, म्हणून ५८ व्होल्टचा फ्यूज मागवावा. मॉस्फेट आणि डायोड १०० व्होल्टचे घ्यावेत. किमतीत फरक किरकोळ पडतो.

ही युक्ती फक्त पॅनेलसाठी आहे. घरच्या विजेवरचा चार्जर किंवा दुसरी बॅटरी अशी शॉर्ट करू नये, हे लिहून ठेवलेले बरे.

मर्यादा १४.६ व्होल्ट ठेवावी, असे मी सुचवेन.

नागपूरचा सर्किटवाला

सर, शंट रचनेला माझा पूर्ण पाठिंबा आहे. मी स्वतः मालिकेतला दुहेरी मॉस्फेट सुचवणार होतो, पण खेड्यातील दुरुस्तीच्या दृष्टीने तुमची पद्धत सरस आहे. १४.६ ला मात्र माझा विरोध आहे. अडीच अँपिअर म्हणजे या पॅकला पाचवा हिस्साच करंट; एवढ्या सावकाश भरताना १४.२ व्होल्टवर, म्हणजे सेलमागे ३.५५ वर, पॅक जवळपास पूर्ण भरतो. वरच्या चार दशांश व्होल्टमध्ये क्षमता नगण्य मिळते, आणि धोक्यापासूनचे अंतर तेवढे कमी होते. शिवाय १४.६ ला चार्जर आणि बीएमएस यांच्या मर्यादा एकमेकांना चिकटतात आणि कोणी आधी तोडायचे याची शर्यत लागते. पुन्हा चार्जिंग सुरू होण्याचा बिंदू १३.३ च्या आसपास ठेवला की उघडझाप थांबते.

अमरावतीचे निवृत्त तंत्रनिकेतन शिक्षक

आपला मुद्दा योग्य आहे, परंतु समतोलनाचे, म्हणजे सर्व जोड्या सारख्या भरलेल्या ठेवण्याचे काय? स्वस्त बीएमएसमधील समतोल रेझिस्टर बहुधा १०० ओहमच्या आसपास असतो; ३.६ व्होल्टला त्यातून ३६ मिलिअँपिअर जातात. जोड्यांमध्ये अर्ध्या अँपिअर-अवरचा फरक पडला असेल तर तो भरून काढायला सुमारे चौदा तास लागतील, आणि तेही सेल वरच्या टप्प्यात असेल तेव्हाच. ज्या बीएमएसचे समतोलन ३.६ व्होल्टला सुरू होते, तो १४.२ च्या मर्यादेत कधी जागाच होणार नाही, आणि वर्षभरात जोड्या एकमेकींपासून दूर जातील.

नागपूरचा सर्किटवाला

हे मान्य. मग असे करता येईल: शेतात १४.२ आणि वर्षातून एकदा, पेरणीआधी पॅक दुकानात येईल तेव्हा टेबलावर नजरेसमोर १४.६ व्होल्टला एक-दोन दिवस ठेवून समतोल करायचा. पॅक बांधण्याआधी आठही सेल समांतर जोडून ३.६५ ला एकत्र भरून घेतले, तर मुळात फरकच कमी राहील. समांतर जोडताना सेलचे व्होल्टेज आधी जवळपास सारखे आहेत हे पाहावे, नाहीतर एका सेलमधून दुसऱ्यात जोरात करंट जातो. बीएमएस घेताना समतोलन कोणत्या व्होल्टला सुरू होते ते विचारावे, ३.४५ च्या आसपासचा मिळाला तर आपला हा सगळा वादच मिटतो.

अमरावतीचे निवृत्त तंत्रनिकेतन शिक्षक

ठीक आहे, १४.२ मान्य.

आता तापमानाविषयी, कारण विदर्भात हाच विषय सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो. लोह-फॉस्फेट सेलच्या माहितीपत्रकात चार्जिंगसाठी सामान्यतः ० ते ४५ अंश सेल्सिअस ही मर्यादा दिलेली असते. डिस्चार्जसाठी ती ६० पर्यंत असते. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच पारा ४५ ला टेकतो, मग उन्हात तापलेल्या टिनाच्या पेटीत काय होत असेल याची कल्पना करावी. पेटी पॅनेलच्या मागे, त्याच्याच सावलीत बसवावी, पांढरा रंग द्यावा, खालून-वरून जाळी लावून हवा खेळती ठेवावी, आणि तरीही चार्जिंग थर्मिस्टरच्या (तापमान वाढले की ज्याचा रोध कमी होतो अशा भागाच्या) परवानगीनेच व्हावे.

थर्मिस्टर सेलच्या अंगाला चिकटलेला हवा. पेटीच्या हवेत लोंबकळणारा नको. १० किलोओहमचा, ३९५० बीटाचा (तापमानाने रोध किती झपाट्याने बदलतो ते सांगणारा आकडा) घेतला तर ४५ अंशांना त्याचा रोध साधारण ४.३५ किलोओहम होतो. दुकानात त्याच रंगरूपाचा ३४३५ बीटाचाही मिळतो, आणि त्याचा रोध ४५ अंशांना ४.८५ असतो. तुमचे सर्किट ४.३५ वर तोडण्यासाठी जुळवले आणि भाग दुसरा पडला, तर चार्जिंग ४८ अंशांपर्यंत चालू राहील. तेव्हा एका भांड्यात ४५ अंशांचे पाणी घेऊन प्रत्यक्ष मोजावे.

आपल्याकडे पहाटेही पारा शून्याखाली जात नाही, म्हणून खालची मर्यादा अनावश्यक आहे असे वाटेल. तरी ती द्यावी. थर्मिस्टरची तार तुटली, उंदराने कुरतडली, की सर्किटला रोध अनंत दिसतो, म्हणजे त्याच्या लेखी कडाक्याची थंडी असते. फक्त उष्णतेची मर्यादा पाहणारे सर्किट अशा वेळी निर्धास्तपणे चार्जिंग करत राहते. शून्य अंशाला रोध ३३-३४ किलोओहम असतो. त्याच्या वर गेला की थांबवायचे, एवढी अट घातली की तुटलेली तार पकडली जाते. बाजारात मिळणाऱ्या टीपी४०५६ च्या छोट्या एक-सेली चार्जर पट्ट्यांवर तापमानाचा पायच पुष्कळदा सरळ जमिनीला जोडून ती सोय बंद केलेली असते, हे जाता जाता सांगतो. त्या पट्ट्या तशाही ४.२ व्होल्टच्या आहेत. लोह-फॉस्फेटला लावू नयेत.

वरुडचा संत्रेवाला

गुरुजी, उन्हात चार्जिंग बंद राहिले तर रात्री मशीन चालणार कसे?

अमरावतीचे निवृत्त तंत्रनिकेतन शिक्षक

सकाळी नऊ-दहापर्यंत सेल रात्रीचे थंड असतात आणि ऊन चांगले असते. तेवढ्या वेळात पुष्कळ भरते. दुसरे असे की कोरडवाहू वावरात मे महिन्यात राखायला पीकच नसते. तूर, हरभरा निघाल्यावर पॅक काढून घरात, गारव्याला, अर्धा भरलेला म्हणजे स्थिर व्होल्टेज १३.१ ते १३.२ असताना, मशीनपासून सुटा करून ठेवावा. पूर्ण भरलेला सेल उन्हाळाभर तापत ठेवणे हेच त्याच्या आयुष्याला सर्वांत महाग पडते. आपल्या संत्रा बागेला मात्र उन्हाळ्यातही राखण लागते, तिथे पेटीला झाडाची सावली देणे सहज शक्य आहे. पॅनेल तेवढे उन्हात ठेवावे.

यापेक्षाही गंभीर गोष्ट राहिली आहे. पावसाळ्यात आठ-आठ दिवसांची झड लागली की पॅनेल चार्जिंग देत नाही, आणि मग घरच्या विजेवरून बॅटरी भरली जाते. ती कुंपणापासून सोडवून, घरी आणूनच भरावी. मशीन आणि कुंपण जोडलेले असताना विजेवरचा चार्जर लावला, आणि त्या चार्जरमधील ट्रान्सफॉर्मरचे विलगीकरण (घरच्या विजेपासून बॅटरीची बाजू वेगळी ठेवणारे इन्सुलेशन) फुटले किंवा मुळातच नव्हते, तर कुंपणाच्या तारेत २३० व्होल्ट उतरतील. झटका मशीनचा धक्का सहसा जीव घेत नाही, कारण तो सुमारे सेकंदाला एकदा, अगदी क्षणभराच्या स्पंदाने येतो. आयईसी ६०३३५-२-७६ हे मानक त्याची ऊर्जा बांधून देते. घरच्या विजेला अशी कोणतीही मर्यादा नसते. तारेत सरळ वीज सोडल्याने माणसे आणि वाघ मेल्याच्या बातम्या आपण विदर्भात वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत; बिघडलेला चार्जर तेच नकळत करील. म्हणून पॅकच्या पेटीची रचनाच अशी करावी की मशीनचा आणि घरच्या चार्जरचा प्लग एकाच सॉकेटमध्ये बसतील, म्हणजे एक काढल्याशिवाय दुसरा लावताच येणार नाही.

घरचा चार्जर विलग प्रकारचा, १४.६ व्होल्टला थांबणारा, लोह-फॉस्फेटसाठीच बनवलेला असावा. खेड्यातील व्होल्टेज कधी १७० ला उतरतो आणि न्यूट्रल तुटला तर एका फेजवर ४०० च्या जवळ जातो, तेव्हा इनपुटला फ्यूज आणि त्यामागे व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेज अडवणारा भाग) असल्याची उघडून खात्री करावी.

दारव्ह्याचा वाइंडर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एका सॉकेटची कल्पना माझ्या डोक्यात कधीच आली नसती. गावातल्या दोन शेतकऱ्यांनी गेल्या झडीत मशीन जोडलेले असतानाच गोठ्यातून वायर ओढून चार्जर लावला होता, हे आठवून अंगावर काटा आला.

शंट पद्धतीचा एक नमुना बांधला. व्होल्टेजच्या संदर्भासाठी टीएल४३१ ही आयसी वापरली, आणि पॅकचा व्होल्टेज विभागून तिला देणाऱ्या दुभाजकात वर ४७ किलोओहम आणि खाली १० किलोओहम लावले. हिशेबाने १४.२२ व्होल्ट यायला हवे होते, पण मीटरवर १४.३१ ला तुटते. रेझिस्टर एक टक्क्याचे आहेत, तरी दोन वेळा बदलून पाहिले, तेवढेच येते. मीटर दुसऱ्या मीटरशी जुळवून पाहिला आहे.

नागपूरचा सर्किटवाला

मीटर आणि रेझिस्टर दोन्ही निर्दोष आहेत. टीएल४३१ चा संदर्भाचा पाय स्वतः सुमारे २ मायक्रोअँपिअर ओढतो, आणि तो करंट वरच्या ४७ किलोओहममधून येताना ०.०९ व्होल्ट वाढवतो. नेमका तेवढाच फरक तुम्हाला दिसतो आहे. रेझिस्टर दहा पट लहान घेतले तर हा फरक जातो, परंतु मग दुभाजकच सतत अडीच मिलिअँपिअर खात राहतो, म्हणजे महिन्याला जवळपास १.८ अँपिअर-अवर. त्यापेक्षा ४७ किलोओहमला ३.३ मेगाओहम समांतर जोडा, १४.१५ च्या आसपास याल. एक टक्क्याचे दोन रेझिस्टर उलट दिशांना चुकले तर दोन दशांश व्होल्टपेक्षा जास्त फरक पडू शकतो, म्हणून पंधराही पॅकचा बिंदू एकेक मोजूनच पेटी बंद करा.

आणि देण्याआधी प्रत्येक थर मुद्दाम बिघडवून पाहा: करंट-मर्यादा असलेल्या सप्लायवर नियंत्रण सर्किटची परवानगी तारेने सक्तीने देऊन बीएमएस तोडतो का, थर्मिस्टरची तार सोडून चार्जिंग थांबते का, आणि उन्हात ७२ सेलचे पॅनेल जोडून पॅकच्या टोकावर किती व्होल्ट येतात.

दारव्ह्याचा वाइंडर

३.३ मेगाओहम जोडल्यावर १४.१७ ला तुटले. थर्मिस्टरची तार सोडली, चार्जिंग लगेच थांबले. कोमट पाण्यात मोजल्यावर माझ्याकडचे पाच थर्मिस्टर ३९५० चे आणि तीन ३४३५ चे निघाले, एकाच पुडीतून आलेले असूनही.

परवानगी सक्तीने दिल्यावर बीएमएसने सर्वांत पुढची जोडी ३.७४ वर असताना तोडले. ७२ सेलचे पॅनेल भर दुपारी जोडले तेव्हा पॅकच्या टोकावर व्होल्टेज १४.२ च्या वर गेला नाही. चार्जिंग चालू असताना तेच पॅनेल जोडल्यावर ५८ व्होल्टचा फ्यूज चार-पाच सेकंदांत उडाला; फ्यूजच्या जागेवर काळे पडलेले नाही. दुकानदाराकडून घेतलेल्या बीएमएसचे समतोलन ३.५ ला सुरू होते, असे प्रत्येक रेझिस्टरच्या टोकावर मोजून पाहिले.

जुन्या आठ शेतकऱ्यांना फोन करून त्यांचे पॅक पेरणीआधी दुकानात आणायला सांगितले आहे. सहा जणांनी होकार दिला, एकाने मशीन विकले आहे, आणि एकाचा फोन लागत नाही. त्याच्या वावरात उद्या सकाळी जाऊन येतो.